दहातून नऊ वेळा उघडणारा टप

येकोयादा लुबोवा हा कंपाला शहरातला सर्वांत भरवशाचा माणूस होता, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर पडेपर्यंत त्याचं सगळं उत्तम चाललं होतं.

शहराच्या पाणीखात्यात तो तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. पाणी आलं नाही, गढूळ आलं, शेजाऱ्याकडे जास्त आलं, असं सगळं सोळा वर्षं ऐकून, लिहून घेऊन, त्याने आपल्या चेहऱ्याला एक सुरकुतीही पडू दिली नव्हती. खिडकी आठला उघडायची. समोरचा न्हावी त्या खिडकीवर आपलं घड्याळ लावायचा. एकदा येको तीन मिनिटं उशिरा आला, तर न्हाव्याने शंका न घेता घड्याळ तीन मिनिटं मागे केलं.

तर असा येको लग्नाला उभा राहिला. मुलगी नान्तेझा, मसाकाकडची, तिथल्याच औषधांच्या दुकानात काम करणारी. आमच्याकडे मुलीच्या बापाला तोंड दाखवण्याआधी तिच्या आत्याला, म्हणजे सेंगाला, भेटावं लागतं. सेंगा म्हणेल ती पूर्व दिशा. येको पत्र घेऊन गेला, अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसला, चहा सांडला नाही. सेंगाने पत्र वाचलं, त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि ती आतल्या खोलीत गेली. पडद्याआडून तिचा आवाज आला, "मुलगा अगदी छत्रीसारखा आहे बाई."

आणि नान्तेझा हसली. साधी नाही, खो खो.

बाहेर येऊन सेंगाने सांगितलं, की पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी मुलगी मागायला या, दुपारी दोनला फाटक बंद होईल. नान्तेझाचे वडील तादेओ यांनी एकतीस वर्षं मसाका-कंपाला बस चालवली होती, आणि दोन वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला ते पाहुणा नव्हे, चुकलेला प्रवासी समजत. फाटक बंद म्हणजे सोयरीक बंद.

येकोने तारीख-वेळ सवयीने लिहून घेतली, पण ऐकलं काहीच नाही. त्याच्या डोक्यात छत्री उघडली होती ती मिटेना. छत्री! कोपऱ्यात उभी असते, पाऊस आला की आठवते, आणि पाऊस थांबला की विसरून येतात.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो जुन्या गाड्यांच्या आवारात गेला. तिथे पांढऱ्या, जपानी, चार दारांच्या गाड्यांच्या सत्तावीस रांगा होत्या, आणि कोपऱ्यात ती उभी होती. चंदेरी. दोन दारं, दोन सीटा, जर्मन. आतून मधाच्या रंगाचं चामडं. आवाराचे मालक हाजी बुरुहान यांनी एक बटण दाबलं. डिकीचं झाकण मागच्या बाजूला उलटं उघडलं, टप कण्हत उठला, हवेत सरळ उभा राहिला, कमरेत वाकला, घडी होऊन डिकीत शिरला, आणि वरून झाकण बंद झालं. अठरा सेकंद. येकोला आपण सोळा वर्षं नेमकं काय करत होतो ते आठवेना.

"नेहमी उघडतो?" त्याने विचारलं.

हाजी देवभीरू माणूस. ते म्हणाले, "दहातून नऊ वेळा."

येकोने घरी येऊन वहीत दोन रकाने आखले. डावीकडे तक्रार, उजवीकडे निवारण. तक्रार : गाडी पंधरा वर्षांची आहे. निवारण : मी सदतीस वर्षांचा आहे. तक्रार : सुटे भाग मिळत नाहीत. निवारण : मग मोडू नयेत. तक्रार : गाडीचं पुस्तक जर्मनमध्ये आहे. निवारण : म्हणजे नीट लिहिलेलं असणार. असं होता होता उजवा रकाना भरत गेला, कारण लिहिणारा पहिल्यापासून फितूर होता.

तरी भरवशाचा माणूस तो. त्याने मेकॅनिकला नेलं. पोलिकालिपो हा चाळीस वर्षं तेल-ग्रीसमध्ये राहिलेला गृहस्थ. त्याने हात पाठीमागे बांधून गाडीला तीन फेऱ्या मारल्या, तेलाचा वास घेतला, बॉनेट उघडलं आणि कोणाच्या तरी घरात चुकून शिरल्यासारखं लगेच बंद केलं.

"देखणी आहे," तो म्हणाला.

"भरवशाची आहे का?"

"हे बघ येको. जपानी गाडी म्हणजे घरातली मावशी. काहीही खाऊ घाल, कुठेही बसव, तक्रार नाही. ही मोठ्या घरची पाहुणी आहे. हिला कशाचं वाईट वाटेल सांगता येत नाही, आणि वाटलं की ती तोंडाने सांगत नाही, दिवा लावते."

"मग काय करायचं?"

"रुसली की पुरी बंद करायची आणि चार तास तिच्याकडे बघायचं नाही. विसरते ती. मोठ्या घरचीच असते, लक्षात काय ठेवणार?"

अंगणात सगळ्यांनी येकोला वेड्यात काढलं. आघाडीवर घरमालकीण नालोंगो. आमच्याकडे जुळ्यांच्या आईला नालोंगो म्हणतात. हिचं मूळ नाव काय होतं ते तिच्या नवऱ्याच्याही लक्षात राहिलेलं नाही. ती म्हणाली, "टप नाही म्हणून जास्त पैसे? माझ्या भावाच्या ट्रकला टप नाही, दारं नाहीत, आणि एका बाजूला तर तळही नाही. तो फुकट देईल."

येकोने गाडी घेतली. साठवलेलं सगळं गेलं, आणि पतपेढीतल्या एका बाईने कागदावर शिक्का मारण्याआधी त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

पण काय ते दिवस! संध्याकाळी अंगणात गर्दी जमायची. "येको, टप!" की येको बटण दाबणार, टप उठणार, उभा राहणार, वाकणार, गुडूप. टाळ्या. नालोंगोने तिथेच चपाती-अंड्याची चूल मांडली. ज्या येकोला या अंगणात "अरे, तू घरीच होतास का?" असं विचारायचे, त्याला आता लांबच्या गल्लीतली माणसं नावाने हाक मारायला लागली.

फक्त एक काळजी त्याला पोखरत होती. टप दहा वेळा उघडला, दहाही वेळा नीट. म्हणजे हाजींच्या हिशेबाने एकदा न उघडणं बाकी राहिलं. वीस वेळा उघडला, दोन बाकी. मुलगी मागायला जायच्या आदल्या दिवशीपर्यंत तो चाळीस वेळा विनातक्रार उघडला होता, आणि येकोला झोप येईना. चार वेळा न उघडणं कुठेतरी साठून राहिलं होतं आणि ते जाणार कुठे?

म्हणून त्याने फर्मान काढलं : सकाळी सहाला निघायचं.

"सहाला?" त्याने ठरवलेला वक्ता कालिस्तो ओरडला. आमच्याकडे मुलगी मागताना नवऱ्याने अवाक्षर काढायचं नसतं. त्याच्या वतीने बोलायला धंद्यातला वक्ता ठरवतात, आणि मुलीकडच्या वक्त्याशी त्याची जुंपते. कालिस्तो हा या धंद्यातला पैलवान. "एकशेतीस किलोमीटरला आठ तास? आपण कोणाची अंत्ययात्रा घेऊन चाललोय का?"

"काही झालं तर म्हणून," येको म्हणाला.

सहाला दोन व्हॅन आणि पुढे चंदेरी गाडी निघाली. पुरुष पांढऱ्या पायघोळ कांझूत, बायका खांद्यावर टोकं काढलेल्या गोमेसीत, व्हॅनमध्ये साखरेची पोती, सोड्याचे क्रेट, मांस, कापडं. आणि कोंबडा. या समारंभात बाकी काही कमी पडलं तर चालतं, दंड भरून मिटतं. पण मुलीच्या भावाला द्यायचा कोंबडा त्याच्या हातात पडल्याशिवाय मुलगी दिली असं होतच नाही. म्हणून नालोंगोने ठरवलं, की एवढा महत्त्वाचा कोंबडा व्हॅनमध्ये कांद्याशेजारी जाणार नाही, तो नवऱ्याच्या गाडीतून जाईल. तिने टोपली डिकीत ठेवली. आत, घडी झालेल्या टपाला जागा राखणारा एक आडवा पडदा होता, तो कोंबड्याच्या तुऱ्याला लागत होता. तिने तो वर ओढला आणि केळीच्या सोपटाच्या दोरीने पक्का बांधून टाकला. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलं नाही.

नऊच्या सुमारास विषुववृत्त आलं. तिथे रस्त्याच्या कडेला मोठं पांढरं कडं आहे, प्रवासी त्यात उभे राहून फोटो काढतात. कालिस्तोला तिथे कल्पना सुचली.

"गावात शिरताना टप उघडा हवा. एकदा इथे तालीम करू."

"नको," येको म्हणाला. "चार बाकी आहेत."

"कसले चार? दाब रे!"

येकोने दाबलं. डिकीचं झाकण वीतभर उघडलं. टप उठला, हवेत सरळ उभा राहिला, आणि तिथेच विचारात पडला. आतून कोंबड्याने एकदाच, अतिशय अपमानित आवाजात, आपलं मत दिलं. मग गाडीने एक लाल दिवा लावला, जर्मनमध्ये एक ओळ लिहिली आणि ती गप्प झाली.

टप खाली जाईना. वर येईना. झाकण उघडेना, मिटेना. वीतभर फटीतून कोंबड्याची चोच दिसत होती, पण टोपली निघण्याची सोय नव्हती. विषुववृत्तावर एक चंदेरी गाडी शिडाच्या होडीसारखी उभी राहिली आणि पांढऱ्या कड्याचे फोटो काढणारे सगळे प्रवासी इकडे वळले.

येकोने पोलिकालिपोला फोन लावला.

"डिकीत काय आहे?"

"कोंबडा."

"जिवंत?"

"हो."

"म्हणजे पाहुणीच्या पोटात तू कोंबडा ठेवलास. आता चार तास, येको. पुरी बंद. बघायचंसुद्धा नाही."

"चार तास थांबलो तर मसाकात तीन वाजतील!"

"मग बघत बघत जा. पण मग ती विसरणार नाही."

तेवढ्यात गर्दीतून एक उंच, गुलाबी, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे आला. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझ्याकडे हीच होती," तो म्हणाला. "अकरा वर्षं."

"तुम्ही जर्मन का?" कालिस्तोने विचारलं. "आता कोणती आहे?"

"आता सायकल आहे."

त्याने ती ओळ वाचली. "सामान काढा, असं म्हणते आहे."

"कोंबडा हे सामान आहे का?" येकोने विचारलं. सोळा वर्षांची सवय. तक्रार आधी नीट वर्गात बसली पाहिजे.

म्हाताऱ्याने खोल विचार केला. "गाडीच्या दृष्टीने, हो. पण घाबरू नका. हाताने उघडायची सोय आहे. एक सहाकोनी पाना असतो."

"कुठे असतो?"

"डिकीच्या तळाशी. गालिच्याखाली."

सगळ्यांनी फटीतून आत पाहिलं. कोंबड्याने बाहेर पाहिलं. तो पान्यावर बसला होता. म्हाताऱ्याने येकोचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, जसं आपण दुखवट्याला करतो, आणि तो आपल्या बायकोकडे परत गेला.

दहाला ते निघाले, टप उभा ठेवून. गाडीचा वेग विसाच्या वर गेला की वारा टपात भरायचा, पुढची चाकं हलकी व्हायची आणि गाडी मंदिरातल्यासारखी घंटा वाजवायला लागायची. विसाच्या आत ती फक्त कण्हायची. तेव्हा वीस. मागे दोन व्हॅन, त्यामागे केळ्यांचे ट्रक, त्यामागे उरलेला देश. हिरव्या केळ्यांचे तीन घड लादलेल्या एका सायकलवाल्याने त्यांना ओलांडलं आणि ओलांडताना वळून विचारलं, "दादा, वारा उलटा आहे का?"

"बोलू नकोस," कालिस्तो म्हणाला. "आपण नवरदेवाची माणसं आहोत, रुबाबात बस." येको रुबाबात बसला. दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून तो फटीतून कोंबड्याला चपातीचे तुकडे आणि पाणी द्यायचा. शेवटचे सहा किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता. व्हॅनवाले वाट विचारायला पुढे गेले आणि त्यांची सगळी धूळ उघड्या गाडीत जमा झाली. कांझू गेरूत बुडवल्यासारखा झाला. भुवयासुद्धा लाल.

फाटकाशी तादेओ उभे होते. एका हातात घड्याळ, दुसरा हात फाटकाच्या कडीवर. ते आधी घड्याळाकडे बघत होते, मग रस्त्यावरून हळूहळू मोठ्या होत येणाऱ्या त्या वस्तूकडे बघायला लागले.

"एक अठ्ठावन्न," ते म्हणाले. आणि मग, "ही अशीच आलीय? कुठून?"

"विषुववृत्तापासून, बाबा," कालिस्तोने सांगितलं.

"त्या वेगाने? मग निघालात कधी?"

"पहाटे सहाला. आमच्यातल्या एकाचा हट्ट. म्हणे, काही झालं तर म्हणून."

तादेओंनी पाहुण्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. ती लाल माणसावर येऊन थांबली. "एकतीस वर्षांत," ते हळूच म्हणाले, "मला असा एक कंडक्टर मिळाला नाही." आणि त्यांनी फाटक उघडलं.

येकोने खाली उतरताना किल्ली फिरवली, काढली, आणि गाडीकडे एकदाही वळून पाहिलं नाही. बघवतच नव्हतं.

मग मांडवात जुंपली. मुलीकडच्या वक्त्या बाईने विचारलं, हे लोक कोण, आमच्या फाटकासमोर जहाज का लावलंय? कालिस्तो म्हणाला, तुमच्या मुलीची कीर्तीच अशी, की आम्ही समुद्रावरून आलो. तिने विचारलं, मग ओले कसे नाही, लाल कसे? दंड झाले, हशा झाला, साखर गेली, कापडं गेली. सेंगा रांगेतून नवऱ्याला ओळखायला आली. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिने सरळ जाऊन लाल माणसाच्या छातीवर फूल टोचलं. ऊन कलंडलं. सहा वाजून गेले आणि नान्तेझाचा भाऊ पियो उठून उभा राहिला. गडगडाटी आवाजाचा, सहा फुटांचा इसम.

"माझा कोंबडा?"

नालोंगोने खाली बघून गोमेसीची गाठ सारखी केली.

कालिस्तोने घसा साफ केला. वीस वर्षांच्या धंद्यात त्याने गाय हरवलेली निभावून नेली होती, नवरा झोपलेला निभावून नेला होता. तो म्हणाला, "मेव्हणे, दुसरे लोक कोंबडा पायांना धरून आणतात. आम्ही या घरची इज्जत ओळखतो. आम्ही कोंबडा त्याच्या खुराड्यासकट आणलाय."

"कुठे आहे खुराडं?"

कालिस्तोने हात लांब केला. सगळ्या मांडवाने वळून फाटकाबाहेर पाहिलं. चंदेरी, मधाच्या रंगाच्या चामड्याचं, उभ्या टपाचं.

येकोचं तोंड उघडलं. सोळा वर्षं त्याने अख्ख्या शहराच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. आज आयुष्यातली पहिली तक्रार त्याच्या जिभेवर आली. नालोंगोने दंडाला असा चिमटा काढला, की ती परत आत गेली.

"नवऱ्याने बोलायचं नसतं," ती कुजबुजली.

आणि दिलेली वस्तू भर मांडवातून परत मागणारा नवरा आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. पियोने दोन्ही हातांनी छाती धरली. बायकांनी जिभा हलवत असा हर्षनाद केला, की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. कालिस्तोने येकोच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि गुडघ्यावर बसून पियोला दिली. मागोमाग सगळा मांडव फाटकाबाहेर.

पियो गाडीत बसला. मावला नाही, तरी बसला. किल्ली फिरवली, बटण दाबलं. चार तास तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पाहुणी सगळं विसरली होती. डिकीचं झाकण सुळकन पूर्ण उघडलं. पियोच्या बायकोने टोपली उचलली, दोरी तोडली. कोंबडा बाहेर आला, त्याने पंख झटकले आणि तो बॉनेटवर चढून आरवला. मग टप वाकला, घडी झाला, आत गेला, झाकण मिटलं. अठरा सेकंद. एक्केचाळिसावी वेळ. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"बंद-उघड किती वेळा होतं?" पियोने आनंदाने विचारलं.

येकोला आता बोलायची परवानगी होती. "दहातून नऊ वेळा," तो म्हणाला. आणि त्याच्या लक्षात आलं, की पोटातून काहीतरी जड उतरून गेलंय. ते बाकीचे तीन आता पियोचे होते.

जेवताना सेंगा त्याच्याजवळ येऊन बसली. "खरं सांग बाळा, असली गाडी तुला कोणी घ्यायला लावली?"

"तुम्ही," येको म्हणाला. "छत्री म्हणालात. ती हसली."

सेंगाने चष्मा काढला. "अरे माझ्या राजा! आदल्या दिवशी मी तिला विचारलं, कसा नवरा हवा? ती म्हणाली, सेंगा, आत्तापर्यंत आले ते सगळे पतंगासारखे, मला छत्रीसारखा हवा. दुसऱ्या दिवशी तू आलास. काळा कोट, बटणं गळ्यापर्यंत, दाराशी सरळ उभा. मग ती हसेल नाही तर काय करेल?"

येकोने वाफवलेल्या केळ्याचा घास घेतला आणि तो बराच वेळ चावला. अख्खी पतपेढी त्या घासात होती.

परतीच्या व्हॅन मुलीकडून मिळालेल्या केळ्यांनी, रताळ्यांनी आणि एका बोकडाने भरल्या. येकोची जागा त्याच्या गाडीत होती आणि गाडी आता खुराडं होती. तादेओ म्हणाले, "सातची बस आहे. माझ्या वेळी तरी सातलाच असायची." तेव्हा सेंगाच्या देखरेखीखाली, चार पावलं अंतर ठेवून, नान्तेझा त्याला थांब्यापर्यंत पोचवायला आली. मागच्या रस्त्यावरून पियो जाताना दिसला. टप उघडा, बाजूच्या सीटवर कोंबडा.

आभाळ भरून आलं होतं. नान्तेझाने बगलेतली जुनी काळी छत्री त्याच्यापुढे धरली.

येकोने ती हातात घेऊन नीट न्याहाळली. एक काडी वाकलेली होती, मुठीला दोरा गुंडाळलेला होता.

"उघडते ना?" त्याने विचारलं.

"दहातून नऊ वेळा," नान्तेझा गंभीर चेहऱ्याने म्हणाली. मग तिला राहवेना, आणि ती हसली. साधी नाही, खो खो.

येकोही हसला. टपोरे थेंब पडायला लागले, बस वीस मिनिटं उशिरा आली, आणि तोवर ती छत्री त्याने उघडून बघितलीच नाही.